बाळंतीण मशीन

चंद्रकलाने मशीनच्या तळाचा बोल्ट सोडला आणि घाईने खाली पत्र्याचा डबा सरकवला. तेल बारीक धारेने आलं, पिवळसर, नितळ, खोबरेलासारखं. तिने डबा उचलून उजेडाकडे तिरपा धरला. काळं यायला हवं होतं. मशीन नवी होती त्या वर्षी आबांच्या शेजारी बसून तिने पाहिलं होतं; तेव्हा तेल काजळासारखं निघालं होतं, आणि आबा खूश होऊन म्हणाले होते, "राबलेल्या इंजिनाचं तेल असंच असतं."

"सांडू नकोस गं," ओटीवरून आई म्हणाली. गोदाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कालच सारवलंय."

"नाही सांडत."

"पदर खोच नीट. त्या साखळीत जायचा."

चंद्रकलाने पदर खोचला. आबांना जाऊन महिना होत आला होता, आणि आईचं बोलणं एवढंच उरलं होतं: हे सांडेल, ते अडकेल, पाऊस येईल.

मशीन विलायती होती, गवत कापायची, पेट्रोलवर चालणारी. जव्हार संस्थान होतं तेव्हा संस्थानी बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी मागवलेली. पुढे जव्हार मुंबई राज्यात गेलं, बंगल्यावर सरकारी पाटी लागली, आतली माणसं बदलली, ठाण्याहून येणारे साहेब तिथे उतरू लागले. देवजी मिस्त्री, चंद्रकलाचे आबा, मात्र राहिले. बंगल्याचा पंप त्यांच्याकडे, बत्त्या त्यांच्याकडे. मोटार स्टँडवरची बंद पडलेली गाडीसुद्धा त्यांचा हात लागला की खोकत खोकत सुरू व्हायची. फक्त ही मशीन त्यांच्या हाताला वश नव्हती. दर पावसाळ्यात ते ती ढकलत घरी आणत, अंगणात पोतं अंथरून उघडत, पुसत, तेल बदलत, पात्यांना कानस लावत. मग ओव्हरसियर येऊन दोरी ओढून बघत, आणि मशीन ढिम्म. गवत कापायला विळे घेऊन बायाच लागत. गावाने मशीनला नाव ठेवलं होतं 'मिस्त्रीची बाळंतीण'. सदा घरात, सदा तेल लावलेली, कधी उठून कामाला न लागणारी.

आबा हसायचे. चंद्रकलाला हसू यायचं नाही. मोखाड्याच्या शाळेत नोकरी लागल्यावर तिथेही कुणीतरी विचारलं होतं, "त्या बाळंतिणीवाल्या मिस्त्रींच्या तुम्ही?"

आणि तेराव्याला पोतदार ओव्हरसियर जेवून उठताना म्हणाले होते, "असा कारागीर पुन्हा होणे नाही. फक्त त्या एका मशीनपुढे हरले बिचारे." म्हणाले ते प्रेमानेच. तरी तो 'हरले' शब्द तिच्या मनातून गेला नव्हता. पुढच्या सोमवारी बंगल्यावर मोठे साहेब यायचे होते. त्याआधी ही मशीन पोतदारांच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवायची, एवढंच तिने ठरवलं होतं. रजा वाढवून घेतली होती ती त्यासाठी.

तिने नवं तेल घातलं. साखळी तपासली, ताण अगदी बरोबर होता. पाती बोटाने हळूच चाचपली. कुठे खाच नाही, गंज नाही. धार अशी की अंगठ्याची कातडी ओढली गेली. पेट्रोलची नळी मोकळी, जाळी स्वच्छ. जिथे पाना लावावा तिथे आबांचा हात आधीच फिरून गेलेला. तिला कौतुक वाटत होतं आणि त्याच वेळी कोडंही पडत होतं. एवढं सगळं ठाकठीक असताना बिघाड राहतो कुठे?

मग तिने प्लग काढला.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला उभी चीर होती, केसासारखी. पितळ घासून लखलखीत केलेलं, पण चीर ती चीर. अशा प्लगने ठिणगी पडत नाही, हे तिला ठाऊक होतं. आबांनीच शिकवलं होतं. तिने त्यांची हत्यारांची पेटी उपसली. तळाशी तेलकट फडक्यात दुसरा प्लग निघाला, धडधाकट.

"आई, हा इथे होता तर आबांनी लावला का नाही?"

गोदाबाईंनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "मला काय कळतंय त्यातलं?"

चंद्रकलाने चांगला प्लग बसवला, पेट्रोल घातलं, पाय रोवून दोरी ओढली.

पहिल्याच ओढीला मशीन सुरू झाली. अंगण थरारलं. कोंबड्या ओरडत परसात पळाल्या. निळा धूर तुळशीवरून कुडाबाहेर गेला, आणि तो दणदणाट खालच्या वस्तीपर्यंत, वरच्या बंगल्यापर्यंत पोचला असणार. चंद्रकला हँडल धरून उभी होती आणि तिला रडू येत होतं. हरले म्हणे!

आवाज ऐकून कुडापाशी बाया जमल्या. खालच्या वस्तीतल्या हिरी आणि जानी, मागे आणखी दोघी-तिघी. चंद्रकलाने मशीन बंद केली.

"अगं बाय!" हिरी म्हणाली. "उठली का बाळंतीण?"

"उठली, हिरीमावशे."

"मिस्त्री अस्ता तर नाचला अस्ता." हिरी हसली. कुणी हसलं नाही म्हणून तीही थांबली. जानी मशीनकडे बघत होती, भुंकणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तशी, अंतर राखून.

"मंग सोमवारच्या गवताला आमी येवं का नको?" जानीने विचारलं.

चंद्रकलाने हँडलवरचा हात काढला.

"तिला काय इचारतंस?" हिरी म्हणाली. "ही मशीन आली तवाचं इसरलीस काय? दारातनं माघारी घातला सगल्यांना. चार मास पोरं रानातल्या कंदांवर काढली." मग चंद्रकलाकडे वळून, समजूत घालावी तशी, "तुझा दोस नाय, बाय. तवा बी मिस्त्री लई वंगाळ तोंड करून हुबा व्हता. फुडल्या सालाला देवालाच दया आली, ही आजारी पडली. पडली ती पडलीच. मीच मिस्त्रीला लई चिडवला, म्हनला, तुला मोटार कलते न् ही कशी नाय कलत? त्यो आपला हसं."

"आबा काय म्हणायचे?"

"काय म्हननार? म्हने, हिरे, हिचं मलाच कलत नाय."

बाया हळूहळू गेल्या. जाताना नेहमीसारखी कलकल नव्हती.

चंद्रकला पोत्यावर बसली. समोर धारदार पाती, ताणलेली साखळी, डब्यात ते न राबलेलं तेल. मशीन खरोखरच मोडून टाकणं सोपं होतं. एक खिळा आत टाकला असता तरी भागलं असतं. तेवढं आबांच्या हातांना झालं नव्हतं. दर वर्षी उद्याच चालवायची असल्यासारखी त्यांनी ती सजवली होती, आणि सगळ्यात शेवटी तो चिरलेला प्लग लावून ओव्हरसियरपुढे, गावापुढे, हिरीपुढे मान खाली घालून उभे राहिले होते. घरी तिच्यापुढेसुद्धा.

तिने पाना उचलला.

"तापलं असेल," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. "फडक्याने धर."

फडकं होतं, तरी बोट भाजलंच. चांगला प्लग निघाला. चिरलेला तिने नीट, आटे न चढवता बसवला.

पोतदार सायकल हातात धरून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"बाई, आवाज बंगल्यावर आला! मी म्हटलं, लेकीने बाजी मारली. बघू, बघू द्या."

त्यांनी सायकल कुडाला टेकवली, बाह्या सारल्या आणि दोरी ओढली. पुन्हा ओढली. मान लाल होईपर्यंत ओढत राहिले. शेवटी धापा टाकत ओटीच्या कडेवर बसले. गोदाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"अहो, आत्ता तर चालत होती!"

"थोडी चालली," चंद्रकला म्हणाली. "मग पडली बंद."

पोतदार पाणी प्यायले, मिशा पुसल्या. त्यांना तिची दया आली असावी. आवाज मऊ झाला.

"मनाला लावून घेऊ नका. तुम्ही शिकलेल्या, पण हे काम वेगळं. जिथे मिस्त्रींना जमलं नाही, तिथे तुम्हाला कसं जमणार?"

भाजलेलं बोट तिने मुठीत धरलं. आई सूप घेऊन उठली नव्हती. तांदूळ कधीच निवडून झाले होते.

"खरंय," चंद्रकला म्हणाली. "नव्हतंच जमलं त्यांना."

पोतदारांनी मान हलवली आणि सायकल सरळ केली. "म्हणजे सोमवारसाठी पुन्हा त्या बायाच बोलवायच्या."

"उद्यापासूनच बोलवा," ती म्हणाली. "गवत फार वाढलंय."