विचारायला काय जातं

संशोधक प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसला की आधी त्याचा एक पाय हलायचा, मग दुसरा, मग टेबल. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या ग्लासातलं पाणीही हिंदकळायला लागलं.

"अहो, तेवढा भूकंप आवरा," बाई म्हणाल्या.

यंत्रांना तर्क शिकवणं हे त्याचं काम. घरात मदत करणाऱ्या यंत्राला दोन गोष्टी कळाव्या लागतात: कशाने काय बदलतं, आणि आपल्याला काय माहीत आहे. त्यासाठी त्याने कृतींची सरळ वाटणी केली होती. कप उचलला, दार उघडलं, की जग बदलतं. नुसतं बघितलं किंवा कुणाला काही विचारलं, तर जग आहे तिथेच राहतं; फक्त आपलं अज्ञान कमी होतं. या वाटणीवर त्याने एक प्रबंध, काही भाषणं आणि बरीचशी मिजास उभी केली होती.

त्या दिवशी चाचणीच्या खोलीत बाई घरमालकीण झाल्या होत्या. समोर यंत्र.

"कप कुठे आहे?" यंत्राने विचारलं.

"टेबलावर."

"अजूनही टेबलावरच आहे?"

"हो रे बाबा."

"आणि आता?"

बाईंनी कप उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. "आता नाही."

"बाई, तुम्ही चाचणी बिघडवलीत!" संशोधक ओरडला.

"मी? त्याने विचारून विचारून माझं डोकं उठवलं. विचारणं फुकट असतं असं त्याला कुणी शिकवलं?"

संशोधकाने अहवालात लिहिलं: परीक्षकाचा संयम अपुरा.

खरं तर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं ते वडिलांमुळे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा त्याच्याकडे राहायला आले होते. आता गुडघा बरा झाला होता, आणि ते परत त्या रिकाम्या घरात एकटे राहायला जातील या धास्तीने संशोधकाला अन्न गोड लागत नव्हतं. बाबांनी इथेच राहावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण 'राहा' म्हटलं आणि ते 'नको' म्हणाले तर? त्यापेक्षा आधी अंदाज घ्यावा. विचारायला काय जातं?

म्हणून तो विचारायचा. "बाबा, जायचं काही ठरलं का?" "तिकिटाचं बघितलंत का?"

बाबा म्हणायचे, "बघू." त्यातून काहीच हाती लागत नसे, म्हणून तो पुन्हा विचारायचा.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा दाराशी बाबांची बॅग उभी होती आणि बॅगेशेजारी हाताची घडी घालून बायको.

"हे काय?"

"बाबा निघालेत. तूच जा म्हणालास ना."

"मी? मी कधी म्हणालो?"

"रोज. जेवणाआधी आणि जेवणानंतर, औषध दिल्यासारखं."

"अगं, मी फक्त विचारत होतो!"

"मी त्यांना राहा म्हणून सांगितलं. म्हणाले, मुलगा इतकी घाई करतोय, तू कशाला भीड घालतेस."

तेवढ्यात बाबा बूट घालून बाहेर आले.

"बाबा, खरंच जाताय?" शब्द तोंडातून निसटलेच.

"निघालोय ना? आता तरी विचारू नकोस."

संशोधकाच्या घशाशी प्रश्नांची रांग लागली होती. एकटे? कशाने? कुणावर रागावून? त्याने ते सगळे कसेबसे गिळले, पुढे झाला आणि चक्क बॅगेवर बसला.

"ऊठ, बॅग चेपेल."

"चेपू दे."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाही. तुम्ही जाऊ नका."

बाबांनी सुनेकडे बघितलं.

"हा असाच आहे, बाबा," ती म्हणाली. "लग्नाआधी वर्षभर मला नुसतं विचारत होता, तुझं कुठे ठरलंय का म्हणून. शेवटी मीच ठरवलं."

बाबा हसले नाहीत. ते हळूच खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. "ऊठ आता. दाढीचा ब्रश आहे त्याच्यात."

संशोधक उठला, पण बॅगेची मूठ काही त्याने सोडली नाही. पाय पुन्हा हलायला लागला होता.

"बाबा, म्हणजे किती दि..."

बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याच्याच नियमाप्रमाणे बघण्याने जग बदलत नाही. संशोधकाने तोंड मिटलं आणि बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.