आठ आकड्यांची खिडकी

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. शिक्षकांच्या खोलीतल्या भंगाराच्या खोक्यातून बोलतोय, आणि चिडून बोलतोय.

कारखान्यात मला आठच आकड्यांची खिडकी मिळाली. त्यात मावेल तेवढं दाखवायचं, बाकीचं मुकाट्यानं गिळायचं. गणिताच्या बाई वर्गाला बजावायच्या, "हा दाखवतो ते खरं, पण सगळं नव्हे हं!" बाई निवृत्त झाल्या आणि ते सांगणारं कुणी उरलं नाही.

परवा शाळेत प्रश्नमंजूषा झाली. दोन्ही संघ बरोबरीत. शेवटचा प्रश्न होता : एक सतरांश ही संख्या परिमेय की अपरिमेय? मैत्रिणी जिला 'वकीलबाई' म्हणतात, ती मुलगी उठली. "परिमेय!"

परीक्षक खुद्द मुख्याध्यापक. त्यांनी माझी बटणं बडवली. खिडकीत उमटलं ०.०५८८२३५.

"यात काही ठरावीक क्रमानं परत येतंय का? अपरिमेय! उत्तर चूक."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी खिडकी संपली म्हणजे संख्या संपली का हो?

"सर, पूर्णांकाला पूर्णांकानं भागलंय. मग परिमेयच ना?"

"उलट बोलू नकोस. मशीन खोटं बोलेल का?"

वकीलबाई सरळ फळ्याशी गेली. "सतरानं भागताना बाकी सतराहून लहानच उरणार, सर. कधीतरी जुनी बाकी परत येणारच." ती भागत गेली. माझ्या खिडकीबाहेरचे आकडे फळ्यावर उतरू लागले : २९४११७६४७... आणि मग पुन्हा ०५८८! सभागृहात टाळ्या कडाडल्या.

मुख्याध्यापक ओशाळले. पण कबूल करतील तर शपथ! "हं, गुण घे. हे मशीनच बिघडलंय," म्हणत त्यांनी मला शिपाईकाकांकडे दिलं. "टाका भंगारात."

"सर, तो नाही चुकला..." असं ती पोरगी म्हणत होती. हशात कुणाला ऐकू गेलं नाही.

दोनाचं वर्गमूळ विचारा, मी आठच आकडे देणार. त्याचे आकडे कधीच आवर्तनात येत नाहीत, एक सतरांशाचे येतात. माझ्या खिडकीत मात्र दोघं सारखेच अर्धवट. तेव्हा संख्या आली कुठून, ते आधी बघा. नुसतं तोंड बघून निवाडा करू नका.

मला फेकायचं तर खुशाल फेका. पण बिघडलेला म्हणून नको. एकदा बटण दाबून तर पाहा. दोन अधिक दोन अजूनही चारच येतात.