समाधानकारक

करवंटीतल्या पाण्यात डासांच्या चार अळ्या खालीवर होत होत्या — वर येऊन शेपटीने हवा घ्यायच्या, पुन्हा वळवळत तळाला जायच्या — आणि नेलिया कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत होती, कारण शेजारच्या कागदाकडे तिला बघायचं नव्हतं. करवंटी सकाळी मानांग फेलीने आणून ठेवलेली. जाताना म्हणाली, "यांना नोटीस मिळाली नाही वाटतं, मॅडम. अजून कामावर आहेत." आणि स्वतःच हसली. ती वयाने मोठी म्हणून नेलिया तिला मानांग म्हणायची, आपण ताई म्हणतो तसं. नेलिया हुद्द्याने मोठी म्हणून ती हिला मॅडम.

कागद म्हणजे अर्ज. डेंग्यूच्या ऐन साथीत, इस्पितळात एका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवलेली असताना, घरोघर फिरून पिंपं, टायर, कुंड्या उपसणाऱ्या एकतीस अर्धवेळ माणसांना नगरपालिकेने सोमवारपासून येऊ नका म्हणून कळवलं होतं, आणि हे आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. सह्या गोलात केल्या होत्या, पहिली कुणाची ते महापौरांना कळू नये म्हणून. गोलात फेलीच्या नावाशेजारी एक जागा मोकळी होती... ती माझी. दुपारी दोन वाजता नगरसभेपुढे त्यांच्या बाजूने बोलायचं तेही मीच. 'नेलिया मॅडमनी आमचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे,' असं त्यांनी वर लिहूनच टाकलं होतं.

पाहिलंय ना. वादळानंतर कमरेएवढ्या पाण्यातून नदीकाठच्या वस्तीत जाणारी फेली पाहिलीय. कुत्रं अंगावर सोडणाऱ्या म्हाताऱ्याला गोड बोलून त्याच्याच हाताने त्याचा हौद रिकामा करून घेणारी फेली — एकसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारी. कागदावर अर्धा दिवस, प्रत्यक्षात दिवेलागणीपर्यंत. हे सगळं मी पाहिलं, आणि लिहिलं काय? 'समाधानकारक'.

नोटिशीत स्पष्ट म्हटलं होतं — ज्यांच्या कामाचा शेरा 'समाधानकारक' किंवा त्याखालचा, त्यांना कमी करण्यात येत आहे. शेरा दर जानेवारीत आणि जुलैत त्यांची पर्यवेक्षक म्हणून नेलियाच लिहायची. 'अतिशय समाधानकारक' लिहायचं तर माणसामागे पानभर पुरावा जोडायचा, किती घरं, कुठली, पाहिलं कुणी. 'असमाधानकारक' लिहिलं तर चौकशी मागे लागणार. मधलं लिहिलं की कुणी ब्र काढत नाही. सगळीच खाती असंच करतात, अर्धवेळ माणसांचे शेरे कोण उघडून बघतो — असं म्हणत ती जेवणाच्या सुट्टीआधी एकतीस कागद एका बैठकीत उरकायची, नावंसुद्धा न वाचता. चार वर्षं. एका जुलैत फेलीने लाजत विचारलं होतं, "मला काय दिलंत, मॅडम?" आणि ती म्हणाली होती, "चांगलं दिलंय." दुसऱ्या दिवशी फेलीने केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट तांदळाचा सुमान आणला, घरी केलेला. मी दोन खाल्ले. वर साखर लावून खाल्ले... लाज कशी वाटली नाही?

अकराच्या सुमारास प्रशासक आर्नुल्फो डोकावून गेला होता, नेहमीसारखा हसतमुख. "बोल की, नेलिया, अडवलंय कुणी? फक्त तुझे शेरे मी सभेपुढे ठेवीन हं. तेव्हा खोटं लिहिलंस की आज खोटं बोलतेयस, एवढं विचारतील बिचारे." खोटा शेरा म्हणजे खातेनिहाय चौकशी, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. पण चौकशीचं तिला एवढं वाटत नव्हतं — निदान ती स्वतःला तसं सांगत होती. सभागृहात मागच्या बाकांवर ती एकतीस माणसं बसलेली असणार आणि शेरे मोठ्याने वाचले जाणार... तेव्हा फेली आपल्याकडे वळून बघेल, त्या बघण्याचीच तिला धास्ती होती. पोटात दुखतंय म्हणून घरी निघून जावं, हा विचारही तिने दोनदा करून पाहिला.

पावणेदोनला ती सही न केलेला अर्ज घेऊन जिना चढू लागली. मधल्या पायरीवर फेली बसली होती, पुठ्ठ्याने वारा घेत.

"मानांग," नेलिया म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. "तुमचा शेरा मी लिहिलाय. सगळ्यांचेच. समाधानकारक. न वाचता लिहिलेत. तुम्हाला चांगलं दिलंय म्हणाले, ते खोटं होतं."

फेलीचा पुठ्ठा थांबला नाही. "ठाऊक आहे. नोटीस आली त्याच दिवशी कळलं. शेरा दुसरं कोण लिहिणार, तुमची मांजर?"

"मग... माझी जागा का ठेवलीत?"

"आमच्यातल्या निम्म्यांना नको होती. मी ठेवायला लावली. तुमच्याखेरीज पाहिलंय कुणी?" मग तिने कठड्याला धरून गुडघा सरळ केला. "राग आहे, मॅडम. पुष्कळ आहे. पण आमच्या गल्लीत काल तिसरं पोर तापाने पडलं. तुमच्यावर रागवायचं काम सावकाश करीन. आधी आत जाऊन बोला."

ती पुढे निघून गेली, एकेक पायरी चढत. नेलिया तिथेच उभी राहिली. आपलं मन आपल्याला खातंय, असं ती चार दिवस समजत होती, पण ते सारं पकडलं जाण्याचं भय होतं, हे तिला आत्ता कळलं — कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं, भय संपलं होतं, आणि त्याच्याखाली पहिल्यांदाच खरा अपराध हाताला लागला. तो साधा होता. एकतीस नावं होती, आणि मी ती वाचली नव्हती. वरून कुणीतरी तिचं नाव पुकारलं. तिने मनातल्या मनात एकेक नाव आठवायला सुरुवात केली, फेली म्हणजे फेलिसितास, रोम्युलो, आनितिंग, नदीपलीकडची ती उंच, तोतरी... तिचं नाव काय? चार वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहते ती, तिचं नाव काय?