साहेब, सोमवार आहे

कुलपांच्या कारखान्यात पॅकिंगची एक सुपरवायझर होती. तिला सगळे ताई म्हणत. नव्या मॅनेजरने सुधारणा मोहीम जाहीर केली, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. आधीच्या मॅनेजरनेही मोहीम काढली होती, त्याच्या आधीच्यानेही. फलक, टी-शर्ट, भाषणं, आणि थोड्याच दिवसांत सगळं थंड. सूचनापेटीत आता लोक चहाचे रिकामे कप टाकत.

पॅकिंगचं टेबल बुटकं होतं. दिवसभर वाकून बायकांच्या कंबरेचा काटा ढिला होई. टेबल उंच करायची कारखान्यातल्या फिटरची सूचना आधीच्या दोन्ही मोहिमांत मंजूर झाली होती, बक्षीस घेतानाचा त्याचा फोटोही निघाला होता. टेबल मात्र होतं तेवढंच.

आधी टेबल करा, मग फलक लावा, असं ताईने सांगून पाहिलं. उद्घाटन होऊ दे, मग बघू, असं उत्तर आलं.

उद्घाटनाला सगळे हॉलमध्ये टाळ्या वाजवत होते, तेव्हा ताई आणि फिटर खाली थांबले. भंगारातले पाइप कापून फिटरने टेबलाच्या पायांना जोड दिला. तेवढ्यात मॅनेजर पाहुण्यांना घेऊन आला. क्षणभर तो चपापला, मग ही आमच्या मोहिमेची पहिली सुधारणा, असं म्हणून मोकळा झाला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे जाईपर्यंत ती थांबली.

"श्रेय तुम्ही घ्या, साहेब," मग ती म्हणाली. "पण दर सोमवारी इथे येऊन काय अडलंय ते विचारा. तुम्ही फिरकला नाहीत की माणसं बोलायची बंद होतात."

तो कबूल झाला. सुरुवातीला आला, मग मदतनिसाला पाठवू लागला, मग तोही येईना. नवरा म्हणाला, त्यांनाच नको असेल तर तू कशाला जीव आटवतेस? ताईला ते पटलंही. तरी पुढच्या सोमवारी ती मॅनेजरच्या भर मीटिंगमध्ये दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, सोमवार आहे."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मॅनेजर चरफडत उठला.

आता दर सोमवारी ती त्याला आणायला जाते. शिकल्यासवरल्या माणसाला शाळेत न्यावं तसं ओढून न्यावं लागतं, असं घरी येऊन कटकटते. परवा मात्र कधी तोंड न उघडणाऱ्या एका बाईने मॅनेजरला थांबवलं आणि दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून सांगितलं. दिवा त्याच दिवशी हलला.