मधली खिडकी

लाकूड चिकटवायचा सरस उकळायला लागला की त्याच्या वासानं भलेभले नाक दाबून पळतात. अब्दुल गनी त्याच शेगडीशेजारी बसून चहा प्यायचा. त्याला शिसारी यायची ती फक्त चुकीच्या मापाची. नांदुऱ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत तो वीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे करत होता. लाकूड सूतभर चुकलं की ओतलेलं लोखंडही चुकतं आणि मग ते कुणाच्या बापाला सुधारता येत नाही, हे त्याच्या हातांत मुरलं होतं. त्यामुळे नारायणरावांनी विमानाचे नकाशे त्याच्यापुढे उलगडले, तेव्हा त्याचं तोंड काढा प्यायल्यासारखं झालं.

विमान कडूबाचं होतं. म्हणजे कडूबा त्यात होता. सत्यभामाबाईंचा हा एकुलता एक मुलगा हवाई दलात होता आणि बासष्टच्या लढाईत डोंगरातल्या चौक्यांवर रसद टाकायला गेलेलं त्याचं विमान परत आलंच नाही. देह नाही, राख नाही, सरकारी कागद तेवढा आला. दोन वर्षांनी नांदुऱ्यात स्मारक समिती निघाली. समिती म्हणजे नारायणराव आणि नारायणराव म्हणजे हार आणि फोटो. पंधरा ऑगस्टला वाचनालयात विमानाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती काचेच्या पेटीत बसवायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

नकाशे मुंबईच्या कुणा ओळखीच्या माणसानं पाठवले होते. विमान वरून कसं दिसतं तो एक, अखंड. बाजूनं कसं दिसतं तो दुसरा, दोन तुकड्यांत. दोन्ही तुकड्यांवर फुल्या होत्या, फुलीवर फुली ठेवून ते जोडायचे होते. पण गनीच्या हाती येण्याआधी ते पाट्या रंगवणाऱ्या कचरूकडे जाऊन आले. कचरूनं तलाठ्याचा नकाशा करावा तशी त्यांना खळ फासली, कापडावर डकवलं आणि शोभेसाठी कडा कापून सोनेरी पट्टी लावली. कडेला छापलेली मापपट्टी त्या शोभेत गेली.

गनीनं बाजूच्या नकाशावर पातळ कागद ठेवून रेघा उतरवल्या आणि तो कागद वरच्या नकाशावर धरला. नाकावर नाक बसलं. पंखाची कड जुळली. शेपटी मात्र तीन इंचांनी हुकली. त्यानं पुन्हा उतरवलं, पुन्हा तीन इंच.

"दोन्हीतला एक खोटा आहे," गनी म्हणाला.

"मंग लहान धर ना," नारायणराव म्हणाले. "काचेची पेटी चार फुटाची झाली बी. तिच्यावर माह्यं नाव बी लिहून झालं."

"पेटी पह्यले न इमान मंग?"

"गनीभाई, कायले एवढा कीस पाडतं? कोण मोजते इथं?"

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई एसटीनं आल्या आणि फळ्यांच्या ढिगावर टेकल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण कडूबाचं शेवटचं पत्र त्यांनी पोस्टमनकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की त्यांना ते पाठ झालं होतं. मांडीवर हात ठेवून त्यांनी ते म्हणून दाखवलं.

"पंखाच्या मांगं सात खिडक्या आहेत, माय. पुढच्या तीन सोड, मांगच्या तीन सोड. मधली माही. तिथून नद्या सुतळीवानी दिसतात."

मग त्या थांबल्या. "मले तेवढी मधली दाखवजा, गनीभाऊ. त्यानं जिथून पाह्यलं तिथून मी पाहीन. दुसरं मले काही नाही पाह्यजे."

त्या गेल्यावर गनीनं नकाशातल्या खिडक्या मोजल्या. सहा होत्या. सहांना मधली कुठून असणार? त्यानं अंगठा कागदावरून हळूहळू सरकवत नेला. तिसऱ्या खिडकीपुढं कागद जाड लागला. ओलं फडकं ठेवून, खळ सुटेपर्यंत दम धरून त्यानं ती कड उचलली. खाली एका तुकड्यावरच्या फुल्या होत्या आणि चौथी खिडकी होती, स्वच्छ, छापलेली.

कापड पुरलं नाही म्हणून कचरूनं एक तुकडा दुसऱ्यावर सरकवून दिला होता. वर निळ्या शाईनं रेघा बेमालूम जोडल्या होत्या आणि त्याच खोट्या लांबीवर नारायणरावांनी पेटी बेतली होती. माणूस आळशी असतो हे गनीला मान्य होतं. पण आळस करून वर त्याच्यावर सुबक रेघ ओढायची, आणि तेही एका मेलेल्या पोराच्या नावानं, याची त्याला किळस आली. त्यानं तुकडे सोडवले, सुकवले, फुलीवर फुली बसवली. पातळ कागद पुन्हा वरच्या नकाशावर धरला. शेपटीवर शेपटी आली.

महिनाभर खपून त्यानं सागवानाचं विमान केलं, चार फूट तीन इंच. पेटी तेवढी मोठी करा, असं त्यानं नारायणरावांना कळवलंही होतं. सात खिडक्या आरपार कोरल्या. मधली सगळ्यांत शेवटी कोरली आणि तिची कड पॉलिश पेपरनं इतकी घासली की बोटाला लोण्यासारखी लागावी.

चौदा तारखेला शुक्रवार होता. गनी नमाज पढून परतला तर टेबल रिकामं होतं. खाली ताजा भुसा पडला होता आणि भुशात तीन इंचांचा एक तुकडा. त्याच्या मधोमध खिडकी होती.

तो तसाच नारायणरावांच्या घरी जाऊन बसला. ते दिवेलागणीला परतले.

"पेटीत मावत नव्हतं," ते म्हणाले. "कचरूनं कापून सरसानं जोडलं, सांध्यात लुकण भरलं, रंग बी मारला. जोड सापडून दाखव."

"मधली खिडकी गेली, नारायणराव."

"सहा आहेत ना? का कमी आहेत?"

गनीच्या तोंडात थुंकी गोळा झाली. त्यांच्या स्वच्छ सारवलेल्या अंगणाकडे पाहून त्यानं ती गिळली. विमान वाचनालयात पोचलं होतं, वाचनालयाला कुलूप होतं आणि किल्ली नारायणरावांच्या खिशात होती.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, भाषण झालं, ते लांबलंही. कडूबाचं नाव त्यात दोनदा आलं. मग पेटीवरचा कपडा ओढला. टाळ्या वाजल्या. विमान चांदीसारखं चकाकत होतं, बरोबर चार फूट.

सत्यभामाबाई पेटीपाशी गेल्या. एक बोट त्यांनी काचेवर पुढच्या बाजूनं ठेवलं, दुसरं मागच्या. "एक, दोन, तीन," त्या पुढून पुटपुटल्या. "एक, दोन, तीन," मागून. दोन्ही बोटं एकमेकांना येऊन लागली. मध्ये नुसता रंग होता.

त्यांनी पुन्हा मोजलं. लोक चुळबुळ करायला लागले.

"मधली कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"माय, आता साऱ्याच खिडक्या त्याच्याच," नारायणराव हात जोडून म्हणाले आणि फोटोवाल्याला त्यांनी जवळ यायची खूण केली.

गनीला ते ऐकवेना. गर्दीतून वाट काढत तो पुढं आला आणि कोटाच्या खिशातला तुकडा त्यानं बाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला. घासलेली कड अंगठ्याला लागली, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी खिडकी डोळ्याला लावली. पलीकडं नारायणराव गळ्यातला हार सारखा करत होते.

बाईंनी तुकडा खाली घेतला आणि पदरात बांधला.

"एवढंच जास्तीचं झालं होतं काय, गनीभाऊ?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता त्या एसटीच्या स्टँडकडे निघाल्या.