फाटक्या कानाचं पिल्लू

सूर्यभान मुकादमाच्या टोळीत त्याचा हात लागल्याशिवाय काहीच सुरू होत नसे, मग ती उसाची तोड असो नाहीतर सिनेमा. त्यामुळे नगरहून मोनिका नावाची मुलगी बिबट्यांवरची फिल्म दाखवायला देवळाली प्रवराजवळच्या कोप्यांवर, टोळीच्या झोपड्यांवर, आली, तेव्हा पडदा कुठं बांधायचा ते मुकादमानंच ठरवलं. दोन रिकाम्या ट्रॉल्यांच्या मध्ये. आणि बसायचं कसं तेही त्यानंच ठरवलं. गडी अल्याड, बाया पल्याड.

"काका, सगळे एकाच बाजूला बसा ना," मोनिका म्हणाली.

"ताई, आमच्याकडं जत्रंच्या तंबूत असंच असायचं. कापड पातळ हाय, दोन्हीकून दिसतंय. बायांना पाय पसरून बसाया मिळतंय, आन् गड्यांना निवांत तंबाखू मळाया."

मोनिकाला वायर पुरत नव्हती, स्पीकर खरखरत होता, आणि मुकादमाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं. तिनं नाद सोडला.

दिवेलागण झाली तशी सविता पडद्यामागं अगदी पुढची जागा धरून बसली. दिवसभर मोळ्या वाहून तिची मान आखडली होती. एरवी ती भाकरी खाल्ली की आडवी व्हायची. सासू, भीमाबाई, मागून म्हणाली, "एवढी कशाची घाई? वाघ काय पळून चाललाय व्हय?"

सविताला वाघ बघायचाच नव्हता. तिला एक पिल्लू बघायचं होतं.

गेल्या हंगामात याच शिवारात ऊस तोडताना तिच्या पायाशी पाचटात ते दिसलं होतं. मांजराएवढं, ठिपक्याठिपक्यांचं, डोळे मिचकावत. मागून ट्रॅक्टर रिव्हर्स येत होता. विचार करायला सवड नव्हती. तिनं कोयता टाकला, पिल्लू उचललं आणि सरळ पदरात घेतलं. वनखात्याची माणसं येईपर्यंत ते तिच्या छातीशी गरम लागत होतं. त्याचा डावा कान टोकाला फाटला होता. सविताच्या डाव्या कानाची पाळीही फाटकी. लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, तान्ही असताना डूल ओढून फाडलेली. आपली दोघांची खूण एकच की, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच तिचा जीव त्या पिल्लात अडकला.

पिल्लू रात्री इथंच ठेवू, आई येऊन घेऊन जाईल, असं वनखात्याचा माणूस म्हणाला होता. पण सकाळीच टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली. ट्रॉलीत बिऱ्हाड चढवताना भीमाबाई म्हणाली, "मानसाचा वास लागला त्याला. आता आई काय जवळ घ्यायची न्हाई." भीमाबाई दिवसाला अशा कितीतरी गोष्टी बोलायची आणि विसरून जायची. सविता ही विसरली नाही.

त्यातून ज्ञानेश्वरी. ती शाळेसाठी पाथर्डीकडच्या गावात आजोळी, साळूबाई आजीजवळ, राहायची. पिल्लाची गोष्ट तिला फोनवर सांगून सविता फसली होती. पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, "आई, त्याला त्याची आई सापडली का?" वर्ष झालं तरी विचारायची. "ठाऊक न्हाई गं," म्हणून सविता विषय बदलायची. वनखात्याला विचारणं काही अवघड नव्हतं. पण 'न्हाई सापडली' असं उत्तर आलं असतं तर ते लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं, याची तिला भीती वाटायची. म्हणून तिनं विचारलंच नव्हतं.

आज मात्र मोनिका सांगून गेली होती, की फिल्ममध्ये इथल्याच, राहुरीकडच्या उसात सापडलेलं एक पिल्लू आहे.

फिल्म सुरू झाली. बायांचं बिबट्यापेक्षा माणसांकडंच जास्त लक्ष. एक शेतकरी बांधावर बसून भाकरी खाताना दिसला, डाव्या हातानं. "डावरा हाय गं," शेजारची छबूबाई म्हणाली. मग एक बाई बिबट्यानं शेळी कशी नेली ते सांगायला लागली. तिचा पदर उजव्या खांद्यावर. "ही कुठली म्हनायची? गुजरातची का?" बाया खुसुखुसू हसल्या. सवितालाही हसू आलं.

तेवढ्यात पडद्यावर पिल्लू आलं. जाळीच्या खोक्यात बसलेलं, डोळे मिचकावणारं. त्याचा कान टोकाला फाटलेला होता.

उजवा कान.

सविताच्या अंगातली हवाच गेली. दुसरंच होतं म्हणायचं. उसात पिल्लू काय एकच असतं? आता घरी फोन लागला की पुन्हा तेच, ठाऊक न्हाई गं. तिनं पाय आखडून घेतले आणि उठून झोपायला जावं असं तिला वाटलं.

पडद्यावर वनखात्याचा माणूस खोकं घेऊन उसाच्या कडेला चालला. त्यानं खोकं खाली ठेवून झाकण उघडलं, उसाला हात जोडल्यासारखं केलं आणि घड्याळात बघितलं. घड्याळ उजव्या हातात. सविता थबकली. भाकरीवाला डावरा, बाई उजव्या पदराची, ह्याचं घड्याळ उजव्या हाताला. समदा गाव कसा उलटा असंल? तिनं स्वतःच्या लुगड्याचा काठ बोटात धरला. वरच्या बाजूनं मोराचं तोंड इकडं. उलटून बघितलं, तर तिकडं.

"आत्या, आपुन कापडाच्या उलट्या बाजूला बसलोय," ती सासूला म्हणाली आणि उठली.

"कुठं चाललीस? तिकडं गडी हायत."

सवितानं पदर डोक्यावर घेतला आणि ट्रॉलीला वळसा घालून ती सरळ पुरुषांत गेली. तिचा नवरा कानिफनाथ तंबाखू मळता मळता थांबला. मुकादम खाकरला. गड्यांच्या पायांतून वाट काढत ती पडद्यासमोर मातीत बसली.

खोक्यातल्या पिल्लानं मान वळवली. डावा कान फाटका.

सविताचे डोळे भरले, पण ती पुसायला थांबली नाही. पडद्यावर अंधार झाला होता आणि उसातून बिबटी बाहेर आली होती. ती खोक्यापाशी आली. तिनं पिल्लाला हुंगलं. परत हुंगलं. मग मागं सरली आणि उसात दिसेनाशी झाली. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "गेली."

ती परत आली. यावेळी तिनं हुंगलं नाही. पिल्लाची मान दातात धरली, उचललं आणि निघून गेली.

"माझं हाय ते," सविता म्हणाली. कुणाला उद्देशून ते तिलाही ठाऊक नव्हतं. "म्या उचललं हुतं."

कानिफनाथनं मुकादमाला सगळी हकिगत सांगितली. आपली बायको अशी सगळ्यांसमोर येऊन बसली याचा राग त्याला यायला हवा होता, पण सांगता सांगता तो फुगतच गेला. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं. मग मोनिकाला म्हणाला, "ताई, परत लावा. बायांना हिकून बघू द्या."

"आन् आमी?" गड्यांनी विचारलं.

"पल्याड बसा. कापड पातळ हाय."

बाया येऊन बसल्या. भीमाबाई सविताला खेटून बसली आणि बिबटीनं पिल्लू उचललं तेव्हा म्हणाली, "मी म्हनलंच हुतं. आई काय लेकरू टाकती व्हय?" सविता हसली. आज तिला सासूचंही सगळं गोड वाटत होतं.

फोन लावायला तिला थोडा उशीर झाला. ज्ञानेश्वरी जागी होती.

"आई, सापडली का त्याला त्याची आई?"

"सापडली. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

पलीकडून पोरीनं विचारलं, "मंग तिनं लगीच उचललं व्हय त्याला?"

"न्हाई. आदी लई हुंगलं."

"तू बी तसंच करतीस," ज्ञानेश्वरी म्हणाली. "घरी आलीस की आदी माझं डोस्कं हुंगतीस, मंग उचलतीस."

सविताचा हात फाटक्या पाळीवर गेला. "यंदा बी हुंगनार," ती म्हणाली. "तेल नीट लावून ठेव."