तांब्याचं पाणी

"तांबं!" मंजूषाताईंनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली. पाण्याचा रंग बदलला होता. बदलायला नको होता.

"मग चांगलंच आहे की," सोफ्यावरून अंबरीशराव म्हणाले. "लोक मुद्दाम तांब्याच्या लोट्यातलं पितात. हाजमा एकदम बढिया राहतो."

काचेच्या टाकीत वाळूवर प्लेट कोरल होतं. ताटलीएवढं, नारिंगी, जांभळ्या कडेचं, जिवंत पोवळं. मधोमध फटीसारखं तोंड. सहा वर्षं मंजूषाताई त्याला चिमट्यानं कोळंबीचा तुकडा भरवत आल्या होत्या, आणि माशांनी तो पळवू नये म्हणून वीस मिनिटं समोर पहारा देत. जेवढं पाणी उडे तेवढं रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालत. गेले पंधरा दिवस पोवळं आक्रसत चाललं होतं. आज एका बाजूचं मांस भिजल्या कागदासारखं सुटलं होतं आणि खालच्या पांढऱ्या फासळ्या दिसत होत्या.

त्यांनी मीठ तपासलं होतं, कॅल्शियम तपासलं होतं, तापमान तपासलं होतं. सरकारी जलप्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईनं पोवळ्याला विष ठरणारं तांबं मात्र तपासलं नव्हतं. घरात तांबं म्हणजे देवापुढची पळी, आणि देव टाकीकडे फिरकत नसत.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. फिल्टरच्या कुशीला नवं चकचकीत नळकांडं होतं. त्यावर लिहिलं होतं: 'ताम्रयुक्त'.

"हे कधी बसवलं?"

"सर्व्हिसवाला आला होता ना, तू भाजीला गेली होतीस तेव्हा. तुझे गुडघे दुखतात म्हणून घातलं. सरप्राइज होतं यार!"

सरप्राइजं या घराला नवी नव्हती. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अंबरीशरावांनी टाइप करूनच आणला होता, फक्त सही बाकी. नागपूरचा प्लॉट विकल्याची बातमीही पेढ्यांसोबतच आली होती. मंजूषाताईंनी सही केली होती, पेढाही खाल्ला होता. आज तो पेढा घशाशी आला.

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"मंडीदीपच्या कारखान्यांचे मॅनेजर माझ्या टेबलापुढे उभे राहायचे, पाण्यात काय आहे विचारायला. आणि माझ्याच घरात मला विचारायचं नाही?"

"अगं, एका दगडासाठी किती तापतेस!"

"दगड आत्ता झालाय तो. तुम्ही केलात."

अंबरीशरावांनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला. छत्तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं.

रविवारपर्यंत पोवळं पांढरंफटक पडलं. अंबरीशरावांनी उदार मनानं सुचवलं की धुऊन, वार्निश मारून शोकेसमध्ये ठेवू, मुलाच्या, अद्वैतच्या, शाळेतल्या कपांशेजारी. मंजूषाताईंनी तो टाकीतच राहू दिला. अशा मेल्या सांगाड्यावर कधीकधी पुन्हा बारीक कोंब धरतात. महिन्यांनी, वर्षानं. किंवा धरतही नाहीत. नोकरीत असला अहवाल त्यांनी कुणाला सही करून दिला नसता.

त्या स्कूटर काढून जवाहर चौकात बॅटरीच्या दुकानात गेल्या.

"डिस्टिल्ड वॉटर? इन्व्हर्टर के लिए, आंटीजी?"

"नहीं."

त्यांनी पिशवीतून नळी काढून पाणी तिथेच तपासलं. दुकानदार बघत राहिला. मग दोन कॅन पायांत धरून घरी आल्या, पांढऱ्या ताटलीसाठी मीठ मिसळून सगळं पाणी नव्यानं बनवलं, आणि उरलेला कॅन ओट्याखाली ठेवून त्यावर चिठ्ठी चिकटवली. तारीख, वेळ, नमुन्याचं ठिकाण. खाली: 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' त्याखाली सही, आणि आठ वर्षांत न लिहिलेलं पद: वरिष्ठ रसायनज्ञ.

चहा टाकायला आलेल्या अंबरीशरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खाकरले.

"हा कॅन... जरा बाजूला सरकवू का?"

"नाही," मंजूषाताई म्हणाल्या, आणि टाकीवरचा दिवा लावायला गेल्या.